कागदावर होतं तसं

सहकारी संस्थेच्या ताळेबंदातला प्रत्येक आकडा दोनदा छापला जातो. एकदा त्या वर्षीच्या अहवालात, आणि पुन्हा पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘मागील वर्ष’ या रकान्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधला ‘एन’ नमुना तसाच आखलेला आहे. सर्वसाधारण सभेला आलेल्या सभासदाला सरलेलं आणि चालू अशी दोन्ही सालं शेजारी शेजारी दिसावीत, एवढाच त्यामागचा हेतू. आता एखाद्या विकास सोसायटीचे वीस-पंचवीस अहवाल ओटीवर पसरून हे जोडआकडे ताडून पाहा. बरेचसे जुळतात, काही जुळत नाहीत. समजा, १९७३ च्या अहवालात ‘सभासदांकडील येणे कर्ज’ म्हणून एक रक्कम आहे. तीच रक्कम १९७४ च्या अहवालात ‘मागील वर्ष’ म्हणून येते तेव्हा उतरलेली असते. मधल्या काळात लेखापरीक्षक येऊन गेलेले असतात. त्यांनी कर्जात मिसळलेलं व्याज बाहेर काढून ‘येणे व्याज’ या वेगळ्या ओळीत टाकलेलं असतं. किंवा तसं काही झालेलंच नसतं, छापखान्यात एक अंक गळालेला असतो.

यातला कोणता आकडा साठवायचा? हे पुस्तक जुने ताळेबंद डेटाबेसात साठवण्यासाठी आहे. त्या कामाची सुरुवात या प्रश्नापासून होते आणि बहुतेक लोक पहिल्याच दिवशी त्याचं चुकीचं उत्तर देतात. हिशेब शिकलेला माणूस म्हणतो, नंतरचा आकडा घ्या, तो दुरुस्त केलेला आहे. संगणक शिकलेला म्हणतो, एकच आकडा घ्या, दोन ठेवले तर गोंधळ होईल. या पुस्तकाचं म्हणणं असं की दोन्ही ठेवा आणि प्रत्येकाशेजारी तो कुठल्या कागदावरून घेतला तेही ठेवा. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याचा विस्तार आहेत.

सिंधुदुर्गात हे काम करायचं तर कागद कुठले आणि किती तऱ्हेचे, हे आधी सांगायला हवं. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला, म्हणून जिल्ह्याच्या नावाने शोध घेतला तर १९८१ च्या मागे जाताच येत नाही. कागद मात्र बरेच जुने आहेत. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, दुसरा १९१२ चा, मुंबई प्रांताचा १९२५ चा आणि आज चालतो तो महाराष्ट्राचा १९६० चा. या प्रत्येक कायद्याच्या सावलीत संस्था निघाल्या, काही बुडाल्या, काही शेजारच्या संस्थेत विलीन झाल्या. गावोगावच्या विकास सोसायट्या, किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्था, बाजारपेठेतल्या पतपेढ्या, देवस्थानं, शिक्षण संस्था आणि मुंबईत गिरणगावात स्थापन झालेली ग्रामस्थ मंडळं, सगळ्यांचे ताळेबंद आहेत. ते कुठे आहेत हा प्रश्न वेगळा. कोणाच्या कपाटात, कोणाच्या माळ्यावर, तर कोणाच्या माजी चेअरमनच्या घरी. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी मिळून जे करतात त्यातून उरलेले.

घाई करायला आणखी एक कारण आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मान्यता दिली, त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठेवली. चांगलंच झालं. पण कोणत्याही हिशेबी सॉफ्टवेअरला सुरू व्हायला लागते ती आरंभीची शिल्लक. सभासदाकडे आज किती येणं आहे हे कळलं की त्याचं भागतं. ते येणं १९६८ मध्ये किती होतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही आणि ते त्याचं कामही नाही. धोका पुढे आहे. संगणक आला की जुन्या वह्यांकडे ‘आता यांची काय गरज’ अशा नजरेने पाहिलं जातं आणि सचिवांच्या खोलीला रंग काढायची वेळ आली की रद्दीवाल्याला निरोप जातो.

आता आराखड्याकडे वळू. संबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि तिच्यातली शिस्त आजवर टिकून आहे. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, म्हणजे ती बदलताना एकाच जागी बदलावी लागते. कुडाळ-सावंतवाडीच्या कॉलेजात आयटी शिकणाऱ्या मुलालाही हा नियम तोंडपाठ असतो. तो मुलगा ताळेबंद पाहतो आणि ‘मागील वर्ष’ हा रकाना सर्वांत आधी काढून टाकतो. त्याच्या लेखी ती पुनरुक्ती आहे. त्याचा नियम बरोबर आहे, लागू करण्याची जागा चुकली आहे. १९७३ चा अहवाल आणि १९७४ चा अहवाल हे एकाच घटनेचे दोन साक्षीदार आहेत. दोघांची जबानी सारखी निघाली तरी त्या दोन जबान्याच असतात. कॉड यांची शिस्त पाळायची तर ‘एक गोष्ट’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागेल. आपल्यासाठी ती गोष्ट म्हणजे ‘अमुक कागदावर, अमुक ओळीत, अमुक रकान्यात, अमुक रक्कम लिहिली आहे’ एवढीच. हे विधान खरंच एकदाच लिहायचं आणि ते कधीच बदलायचं नाही. खरी रक्कम कोणती असावी हा नंतरचा अभिप्राय. तो वेगळ्या टेबलात, अभिप्राय देणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी जाईल.

जगातल्या मोठ्या यंत्रणांनाही फिरून फिरून इथेच यावं लागलं. कंपन्यांचे ताळेबंद संगणकाला वाचता यावेत म्हणून १९९८ च्या सुमारास एक्सबीआरएल ही पद्धत आकाराला आली. आपल्या कंपनी मंत्रालयाने २०१०-११ या वर्षापासून ठरावीक कंपन्यांना ती सक्तीची केली. तिच्यात नुसता आकडा कधीच नसतो. तो कोणाचा, कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या मुदतीचा, कोणत्या चलनात आणि कोणत्या खात्याचा, हे सगळं त्याला चिकटलेलं असतं. तारीख आणि मुदत यांतला फरकही तिथे काटेकोर पाळतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो, नफातोटा पत्रक दोन दिवसांमधल्या काळाचं. आपल्याकडच्या बहुतेक एक्सेल फायलींत दोन्हींच्या डोक्यावर नुसतं ‘१९७३-७४’ लिहिलेलं असतं.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जुने ताळेबंद साठवायला बसलेला माणूस आधी एक भला आडवा तक्ता आखतो. प्रत्येक खात्याला एक रकाना, प्रत्येक वर्षाला एक ओळ. पाच वर्षं छान चालतं. सहाव्या वर्षी ‘लाभांश समीकरण निधी’ उगवतो, दहाव्या वर्षी ‘इमारत निधी’चे दोन भाग होतात, पंधराव्या वर्षी रेशन दुकानाचा साठा वेगळा दाखवायला लागतात. रकाने वाढत जातात आणि तक्ता निम्म्याहून अधिक रिकामा दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे तक्ता उभा करायचा, ताळेबंदातली एक ओळ म्हणजे टेबलातली एक ओळ. मग नवं खातं उगवलं तरी आराखड्याला हात लावावा लागत नाही. याची किंमतही मोजावी लागते. साधा प्रश्न विचारायलासुद्धा लांबलचक क्वेरी लिहावी लागते आणि ज्याला फक्त दहा वर्षांची कर्जवसुली पाहायची आहे तो कंटाळून जातो. त्याच्यासाठी वरून आडवा तक्ता तयार करून द्यावा. साठवण उभीच ठेवावी.

संस्थेला ओळखायचं कसं? नावाने ओळखू नये, निदान आपल्या जिल्ह्यात तरी. श्री देव रामेश्वर आचऱ्याला आहे आणि आणखी किती गावांत आहे ते मोजत बसावं लागेल. सातेरीचं तेच, रवळनाथाचंही तेच. कायद्याच्या नजरेत देव मालमत्ता धारण करू शकतो, म्हणून सात-बारावर आणि ताळेबंदावर नाव देवाचंच असतं. गाव जोडला तरी भागत नाही, कारण वाड्या वेगळ्या झाल्या, ग्रामपंचायती फुटल्या, दोडामार्ग हा तालुकाच सावंतवाडीतून बाहेर पडला. १९७० च्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ आणि १९९० च्या कागदावर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असं लिहिलेली संस्था एकच असते. त्याच्याही मागे गेलं तर सावंतवाडी संस्थान येतं, जे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. मालवण मात्र १८१२ मध्येच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलेलं. म्हणजे आजच्या एका जिल्ह्यातल्या दोन गावांच्या दप्तरांना दोन वेगळ्या सरकारांच्या सवयी लागलेल्या आहेत. यातून वाट एकच आहे. संस्थेला मुद्दाम अर्थहीन असा एक क्रमांक द्यावा. नाव, गाव, तालुका, जिल्हा, नोंदणी क्रमांक हे सगळं ‘कधीपासून कधीपर्यंत’ या दोन तारखांसकट वेगळ्या टेबलात लिहावं. ‘आमच्याकडे एवढ्या संस्था नाहीत, नावानेच चालवू’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तीस कागदांनंतर तेच लोक पुन्हा मुळापासून सुरुवात करतात.

वर्षाचा प्रश्न याहून खोल आहे आणि किनाऱ्यावर तर तो सगळ्या अभ्यासाचा अर्थच पालटून टाकतो. पूर्वी सहकारी वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपत असे. पुढे ते ३१ मार्चला संपू लागलं. प्राप्तिकराच्या बाबतीतही १९८९-९० या आकारणी वर्षापासून सगळ्यांना मार्चअखेर सक्तीची झाली, तोवर दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे व्यापारी वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत सगळीकडे होते. आता ३० जून आणि ३१ मार्च या दोन तारखांना मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. ३० जूनला आंबा संपलेला, पेट्या वाशीला जाऊन पैसे परत आलेले किंवा दलालाकडे अडकलेले, पण हिशेब तरी झालेला. होड्या वर ओढून झावळ्यांखाली, जाळी घरात, समुद्र बंद. येणं वसूल व्हायचं तेवढं झालेलं. ३१ मार्चला मात्र आंबा झाडावर. फवारणीसाठी आणि राखणीसाठी काढलेलं कर्ज पूर्ण उचललेलं, हातात पैसा नाही. मासेमारीचा हंगाम नारळी पौर्णिमेपासून सुरू झालेला, तो अजून चालू आणि डिझेलची उधारी चढलेली.

म्हणजे त्याच सभासदांची, तेवढ्याच कर्जाची, तशाच वसुलीची संस्था ३० जूनला सुदृढ दिसेल आणि ३१ मार्चला थकलेली दिसेल. एखाद्या अभ्यासकाने चाळीस वर्षांचा आलेख काढला तर जिथे वर्षअखेर बदलली तिथे येणं कर्ज एकदम उसळेल. त्यातून तो ‘वसुलीची शिस्त ढासळली’ असा निष्कर्ष काढेल आणि त्यावर एखादा शोधनिबंधही होईल. ढासळलं काहीच नव्हतं, कॅलेंडर बदललं होतं. शिवाय बदलाच्या वेळचा एक कालखंड बारा महिन्यांचा नसतोच. जुलै ते मार्च धरला तर नऊ महिन्यांचा, पुढचं वर्ष जोडून घेतलं तर एकवीस महिन्यांचा. नफा त्याच्या शेजारच्या वर्षांशी तसाच ताडून चालणार नाही. म्हणून या पुस्तकात ‘वर्ष’ नावाचा रकाना कुठेही नाही. आरंभ तारीख आणि अखेर तारीख असे दोन रकाने आहेत आणि कागदावर वर्ष ज्या शब्दांत लिहिलं आहे ते शब्द तिसऱ्या रकान्यात. जुन्या वह्यांसाठी हा तिसरा रकाना फार उपयोगी पडतो, कारण तिथे शक असेल, संवत असेल, फसली असेल, आणखी मागे गेलात तर शुहूर सनही असेल. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७५. हे साल मृगाला, जूनच्या आरंभी सुरू होतं आणि इसवी सनात १७७४ ते १७७५ असं पसरतं. ते परस्पर ‘१७७४’ करून टाकणाऱ्याने सुमारे पाच महिने हरवले. शकवर्षात अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं. दरमहा व्याजाच्या हिशेबात तो महिना धरला की सोडला, हे वहीतच पाहावं लागतं.

हंगामाचं बोलतोय तोवर रापणीचा उल्लेख करायला हवा. रापणीचा हिशेब पगाराचा नव्हे, वाट्यांचा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. असा हिशेब सरळ ‘खर्च’ या सदरात कोंबला तर मालक आणि मजूर असं एक नातं आपण कागदावर नसताना तयार करतो. ज्या हिशेबाला आपल्या नमुन्यात जागा नाही, त्याच्यासाठी नमुना रुंद करावा. हिशेब कापून बसवू नये.

आता पैसे. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यानंतर रुपयाचे शंभर नवे पैसे. ‘नवे’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. सगळे जुने आकडे दशांशात करून टाकले की काम सोपं होईल असं वाटतं, पण एक पै म्हणजे ०.५२०८३३… पैसे. ही रक्कम कुठेतरी तोडावीच लागते आणि तोडलेल्या पन्नास रकमांची बेरीज मूळ बेरजेशी जुळेनाशी होते. समजा, वहीत १३७ रुपये ११ आणे ७ पै लिहिले आहेत. ते १३७.७२ असं न लिहिता २६,४४३ पै असं पूर्णांकात साठवावं. शेजारी मूळ तीन रकाने तसेच ठेवावेत. पुढे कोणाला दशांशात हवं असेल तर यंत्र त्या क्षणी भागाकार करून दाखवील.

१९५७ ची गंमत तर पुढेच आहे. सरकारने रूपांतराचा जो तक्ता दिला त्यात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९ आणि चार म्हणजे २५. चार वेळा एक आणा दिला तर चोवीस, एकदम पावली म्हणजे चार आणे दिले तर पंचवीस. त्या काळातल्या संस्थांच्या वह्यांत दोन-चार पैशांची जी किरकोळ तफावत दिसते तिच्यामागे अनेकदा हा तक्ता असतो. तिला चूक ठरवून दुरुस्त करणारा माणूस इतिहासच पुसून टाकतो. दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात आणखी एक पदर निघू शकतो. डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथे आधी रुपिया आणि टांग, पन्नासच्या दशकाअखेरीस एस्कुदो. म्हणून चलनाला वेगळा रकाना हवा, नुसतं ‘रु.’ गृहीत धरू नये. आणि देवस्थानच्या वहीत तर रक्कमच नसते. अमुक खंडी भात, तमुक नारळ असं असतं. ती खंडी कुठल्या मापाची हे गावागणिक बदलायचं. तिची किंमत आपण ठरवायला जाऊ नये, मापाचं नाव वहीत आहे तसं लिहावं.

अपूर्णांकाच्या खुणांबद्दल इथे थोडं. ५॥ म्हणजे साडेपाच, ५। म्हणजे सव्वापाच, ॥= म्हणजे आठ आणे अधिक दोन, असे दहा. उभी रेघ चार आण्यांची, आडवी एका आण्याची. पिढ्यान्‌पिढ्या कारकून या खुणांनी हिशेब करत आले. या खुणांना युनिकोडमध्ये २००९ पासून स्वतःची जागा आहे आणि मोडी लिपीला २०१४ पासून. म्हणजे ‘संगणकात येत नाही’ ही सबब संपली. फॉर्ममध्ये मूळ नोंद या खुणांसकट लिहिता येते.

खात्यांची नावं हा खरा जंगलाचा भाग आणि पुस्तकातली सर्वांत लांब दोन प्रकरणं त्यावर आहेत. इथे फक्त दिशा सांगतो. सहकारी संस्थेचा नमुना वेगळा, सार्वजनिक न्यासाचा वेगळा (तो न्यासांच्या नियमांतल्या परिशिष्ट आठ आणि नऊमध्ये सापडतो), कंपनीचा आणखी वेगळा. देणी डावीकडे आणि येणी उजवीकडे ही आपल्या सहकारातली रीत. संचित तोटा तिथे उजवीकडे, मालमत्तेच्या बाजूला दाखवतात. कंपन्यांच्या नव्या नमुन्यात तोच तोटा राखीव निधीतून वजा होतो. त्यामुळे ‘एकूण मालमत्ता किती’ या प्रश्नाचं उत्तर नमुन्यागणिक बदलतं. तोट्यातली संस्था जुन्या नमुन्यात मोठी दिसते. हे ज्याला ठाऊक नाही तो दोन संस्थांची तुलना करतो आणि फसतो.

यावर उपाय असा की कागदावरचं खात्याचं नाव जसंच्या तसं, शुद्धलेखनाच्या चुकीसकट, पहिल्या थरात राहील. दुसऱ्या थरात आपली स्वतःची प्रमाण खाती असतील. मधे एक जोडणीचं टेबल असेल आणि त्या प्रत्येक जोडणीवर कोणी, कधी, का जोडलं याची नोंद असेल. दहा वर्षांनी कोणाला जोडणी चुकीची वाटली तर तो नवी करील, जुनी राहीलच. गटसचिवाला विचारल्याशिवाय जोडणी करू नये, असं मी आग्रहाने म्हणेन. ‘अनिष्ट तफावत’ म्हणजे काय हे पुण्यातल्या प्रोग्रामरला कळायचं नाही, गटसचिवाची मात्र झोप त्यावरून उडालेली असते. जिल्हा बँकेचं संस्थेकडे जेवढं येणं आहे त्याहून संस्थेचं सभासदांकडे येणं कमी भरतं, तेव्हा ती तफावत निघते. ती ताळेबंदात एका ओळीत कधीच नसते, दोन ओळींमधल्या वजाबाकीत असते. आराखड्यात त्या दोन ओळी वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर संस्थेचं दुखणं कुठे होतं हे कधीच कळणार नाही. कर्जमाफीचंही असंच. २००८ मध्ये केंद्राची, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याची. त्या त्या वर्षी वसुली अचानक वाढलेली दिसते, पण ती शेतकऱ्याच्या खिशातून आलेली नसते. अशा वर्षांना टीप लागते आणि टिपेसाठी आराखड्यात पहिल्यापासून जागा लागते, नंतर चिकटवून भागत नाही.

मुंबईची ग्रामस्थ मंडळं हा आपल्याकडचा खास प्रकार. मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी लालबाग-परळमध्ये गोळा व्हायची, हिशेब तिथे, आणि तीच रक्कम गावच्या समितीच्या वहीत पुन्हा जमा. दोन्ही वह्यांची बेरीज केली तर देऊळ दोनदा बांधलं जातं. म्हणून संस्थांमधलं नातं आणि त्यांच्यातली देवाणघेवाण ओळखणारी खूण हवी. शिवाय इथे वर्षाची बेरीज पुरत नाही. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. वर्गणीवर त्याचा काय परिणाम झाला हे ज्याला शोधायचं आहे त्याला महिन्याचे आकडे लागतील आणि ते ताळेबंदात नसतात, कीर्दीत असतात. कीर्द उपलब्ध असेल तर ती ताळेबंदाला जोडता यावी एवढी सोय आराखड्यात ठेवली आहे. कीर्द भरायला घेण्याचा सल्ला मात्र मी सहसा देणार नाही. त्यात माणसं बुडतात.

आता फॉर्म. फॉर्म भरणारा माणूस कॉलेजचा विद्यार्थी असतो किंवा निवृत्त लिपिक. त्याच्यासमोर कागदाचा फोटो आणि शेजारी फॉर्म, दोन्हींचा क्रम एकच. कागदावर आधी भागभांडवल असेल तर फॉर्मवरही आधी तेच. प्रमाण खात्यांची यादी त्याला दाखवूच नये, नाहीतर तो वाचण्याऐवजी ठरवू लागतो. आण्याच्या चौकटीत १५ पेक्षा मोठा आणि पैच्या चौकटीत ११ पेक्षा मोठा अंक आला तर फॉर्मने विचारावं, अडवू नये. कागदावर खरोखरच १६ आणे लिहिलेले असू शकतात.

बेरजेबाबत हीच भूमिका आणि इथे मी हट्टी आहे. कागदावरची बेरीज वेगळी लिहायची, यंत्राने केलेली बेरीज शेजारी दिसेल आणि दोन्हींत फरक असेल तर तो लाल अक्षरांत दिसेल, पण नोंद जतन होईल. हिशेबी सॉफ्टवेअरची सवय असलेले लोक यावर नाराज होतात. त्यांना दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा फॉर्म हवा असतो. असा फॉर्म दिला की संध्याकाळचे साडेपाच वाजलेला माणूस ‘उचंत’ नावाची एक ओळ स्वतःहून घालतो आणि घरी जातो. चाळीस वर्षांनी कोणीतरी त्या उचंत खात्यावर प्रबंध लिहितो. जुन्या कागदांपैकी काही मुळातच जुळत नाहीत. न जुळणं हीही माहितीच, कदाचित त्या कागदावरची सर्वांत मोलाची.

फरक शोधायची जुनी युक्ती मात्र फॉर्ममध्ये घातली आहे. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ५,४८१ ऐवजी ५,८४१ झालं तर फरक ३६०, नवाच्या चाळीस पट. ही युक्ती रुपयांच्या रकान्यात चालते. अदलाबदल रुपये आणि आणे यांच्यामध्ये झाली असेल तर चालत नाही, कारण तिथे पाया दहाचा नाही. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्ये घोटाळा झाला तर तो या युक्तीला सापडत नाही, म्हणून महत्त्वाचे कागद दोन जणांनी एकमेकांचं न पाहता भरावेत आणि यंत्राने ताडावेत.

कोऱ्या जागेचे चार अर्थ होतात आणि ते चारही फॉर्मवर वेगळे निवडता यायला हवेत: कागदावर शून्य लिहिलेलं, रेघ मारलेली, जागा खरोखर कोरी सोडलेली, आणि काहीतरी लिहिलेलं होतं पण पावसाने किंवा वाळवीने नेलेलं. चौथा प्रकार आपल्याकडे भरपूर. त्याला शून्य लिहिणं म्हणजे संस्थेने कधी न केलेलं विधान तिच्या तोंडी घालणं.

१९९० च्या दशकातले काही अहवाल फ्लॉपीवर किंवा सीडीवर सापडतात आणि लोकांना आनंद होतो. तो फार टिकत नाही. श्रीलिपी, आकृती वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन दिसतो. त्यासाठी रूपांतरं आहेत, पण जोडाक्षरं आणि अंक हाताने तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. छापील प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी. साठवणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरावं या वादात पुस्तक फारसं पडत नाही. एका संस्थेला एसक्यूलाइट पुरतं, जिल्ह्याला पोस्टग्रेस लागेल. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींतून साध्या मजकुराच्या रूपात सगळं बाहेर काढता येतं, एवढं पुरे.

एका गोष्टीवर पुस्तकात तडजोड नाही. जुन्या अहवालांच्या शेवटी थकबाकीदारांची यादी जोडलेली असते, नावानिशी, रकमेनिशी. आपल्या गावांत आडनाव आणि वाडी कळली की माणूस कळतो, आणि त्याचा नातू आजही त्याच वाडीत राहतो. यादीतली एकूण रक्कम आणि खात्यांची संख्या मुख्य डेटाबेसात जाईल. नावं गेलीच तर वेगळ्या, कुलूपबंद फायलीत, संस्थेच्या लेखी परवानगीने. संस्था नको म्हणाली तर नाही.

वाचकांपैकी कोणी लगेच आराखडा आखायला बसणार असेल तर त्याने सर्वांत सोप्या, नीट छापलेल्या कागदापासून सुरुवात करू नये. त्यावर कुठलाही आराखडा टिकतो. ज्या संस्थेचं वर्ष ३० जूनला संपत असे तिचा १९५६-५७ चा ताळेबंद आणि पुढच्या वर्षीचा, अशी जोडी मिळवावी. पहिल्या कागदाच्या वर्षात नऊ महिने आणे-पैचे आणि तीन महिने नव्या पैशांचे. दुसऱ्या कागदावर तीच अखेरची शिल्लक ‘मागील वर्ष’ म्हणून, बहुधा नव्या पैशांत रूपांतरित केलेली. जिल्हा रत्नागिरी, सही मोडीत, शिक्का इंग्रजीत. हे दोन कागद काहीही न गाळता, काहीही न जुळवता आपल्या टेबलांत मावले, तर दुसऱ्या प्रकरणाकडे जावं. मावले नाहीत तर पहिलं प्रकरण त्यासाठीच आहे.